राष्ट्रीयत्वाचा रकाना

जिल्हा परिषदेच्या शाळेतलं जनरल रजिस्टर ज्यांनी हाताळलं आहे त्यांना तो रकाना आठवत असेल. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थळ, जन्मतारीख, आणि या सगळ्यांच्या गर्दीत एक अरुंद उभा रकाना: राष्ट्रीयत्व. जूनमध्ये नवी पोरं दाखल व्हायची तेव्हा मी पानाच्या पहिल्या ओळीत 'भारतीय' लिहायचो आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे'च्या खुणा ओढत जायचो. नाव विचारावं लागे, जात विचारावी लागे, जन्मतारखेवरून तर आईबापांत जुंपायची. या एका रकान्यासाठी मात्र कुणाला काही विचारावं लागत नसे.

१९८४ ते २०२० अशी छत्तीस वर्षं मी इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या शाळांवर होतो. नागरिकशास्त्राच्या तासाला सातवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "गुरुजी, आपला देश भारत, आन् आपलं राष्ट्रबी भारतच. मग पुस्तकात दोन शब्द कशाला?" तास संपत आला होता. मी म्हटलं, "एकच गं ते. समानार्थी." तिनं वहीत लिहून घेतलं. ते उत्तर चुकीचं होतं हे मला पुढं हळूहळू कळत गेलं, आणि ते कळायला पुस्तकांपेक्षा भीमा आणि नीरा यांच्यामधली माणसंच जास्त कारणी लागली. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर इथं मांडतो आहे.

१.

देश आधी पायाखाली असतो. माझी आजी हा शब्द फारसा वापरत नसे; तिचा शब्द 'मुलूख'. भीमेपासून नीरेपर्यंत तिचा मुलूख, नीरा ओलांडली की परमुलूख. मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगर मात्र 'देश' म्हणायचे. पावसाळ्याच्या तोंडावर परत निघताना म्हणायचे, "आता देशावर चाललो." सह्याद्रीचा घाट चढून आलं की देश लागतो: काळी जमीन, उघडं माळरान, बेताचा पाऊस, ज्वारीची ताटं. नकाशा कधी न पाहिलेल्या माणसाच्या तळव्यांनाही तो कळतो.

कारभारातसुद्धा हा शब्द असाच लहान होता. देशमुख म्हणजे परगण्याचा मुख्य, देशपांडे म्हणजे त्या परगण्याचं दप्तर लिहिणारा. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे आणि इंदापूर ही नावं येतात. त्यांच्या एका हयातीत वरचा धनी निजामशहा होता, आदिलशहा होता, पण खालची जमीन तीच राहिली आणि सारा देणारा कुणबीही तोच राहिला. म्हणून देश म्हटलं की माझ्यापुढं जमीन येते, तिची हद्द येते, आणि त्या हद्दीतला सारा गोळा करणारं दप्तर येतं. यात कमीपणा काही नाही. दप्तर नीट चाललं तर माणूस सुखानं जगतो. पण दप्तर माणसाला खातेदार म्हणून ओळखतं. शेजारच्या खातेदाराशी त्याचं काय नातं आहे, ते सात-बारावर येत नाही.

'राष्ट्र' हा शब्द आजीच्या तोंडी एकाच ठिकाणी यायचा, 'महाराष्ट्र' म्हणताना. तोही १९६०नंतर, एस.टी.च्या गाडीवर लिहिलेलं पोरांकडून वाचून घेऊन.

२.

देशाची मागणी नोटिशीनं येते. आमचं गाव भीमेच्या काठावर होतं. उजनी धरणाची भिंत माढा तालुक्यात, पण पाण्याचा फुगवटा करमाळा, इंदापूर, दौंडपर्यंत पसरणार होता. धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. गावं त्याआधीच उठायला लागली होती. आमची नोटीस आली तेव्हा मी नववीत होतो आणि घरात वाचता येणारा एकटाच होतो. तिच्यात 'सार्वजनिक प्रयोजन' असे शब्द होते. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ते मला तीनदा वाचायला लावले.

"म्हंजी कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी," मी म्हटलं.

"सगळ्यांत आपून येतो का?"

मला सांगता आलं नाही.

१९७८च्या उन्हाळ्यात आम्ही घर उतरवलं. सगळे 'उतरवलं' असंच म्हणायचे, 'पाडलं' असं कुणी म्हणत नसे. सागवानी चौकट अण्णांनी भिंतीचा एकेक दगड सोडवत अख्खी बाहेर काढली. आईनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. मग ती चौकट बैलगाडीत आडवी घातली आणि तिच्या आत, जिथून आम्ही आजवर ये-जा केली तिथं, भांडी रचली. नव्या गावठाणात घर पत्र्याचं झालं, पण दाराला चौकट तीच बसवली. उंबऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात भरलेली घागर टेकवून टेकवून पडलेला खळगा आहे. त्या घागरीचं पाणी ज्या विहिरीचं, ती विहीर आता धरणाच्या पोटात आहे.

देशानं जमीन घेतली, मोबदला दिला, तोही हप्त्याहप्त्यानं. कागदावर व्यवहार पुरा झाला. पण या गोष्टीचा दुसरा भाग कुठल्याच कागदावर नाही. बारा-तेरा वर्षांनी अण्णांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला नेलं होतं. दवाखान्याच्या पडवीत नळ होता. एका डोळ्यावर पट्टी, हातानं चाचपत त्यांनी तोटी सोडली, ओंजळीनं पाणी प्याले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "हे आमच्या गावावरनं येतंय." आवाजात तक्रार नव्हती. आपल्या रानातली काकडी पाहुण्याच्या हातावर ठेवताना जो आवाज असतो, तसा होता. तो सोलापूरकर थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "गाव कंचं हो तुमचं?" अण्णांनी नाव सांगितलं. ते नाव त्या माणसानं एकदा स्वतःशी उच्चारलं.

राष्ट्राचा विषय निघाला की मी त्या पडवीपासून सुरुवात करतो. एकाचं काय गेलं हे दुसऱ्याला ठाऊक झालं आणि त्यानं ते आपल्या हिशेबात धरलं. हे झालं नसतं तरी ते दोघं एका देशाचे होतेच. सोलापूरच्या नळाला पाणी आलं असतं, आमच्या नावावर नव्या गावठाणातला प्लॉट पडला असता. फक्त दोघांना एकमेकांचा पत्ता नसता.

३.

पाण्यानं जिल्हे लांब केले, सोयरीक लांब झाली नाही. भीमेच्या अलीकडं पुणे जिल्हा, पलीकडं सोलापूर. धरणाआधी उन्हाळ्यात नदी उतरून लोक लग्नाला जायचे. आता मधे अफाट पाणी आहे, आणि रस्त्यानं जायचं तर वळसा मोठा, म्हणून माणसं लाँचेत मोटारसायकली चढवून पलीकडं जातात. लेकी तिकडं दिलेल्या आहेत. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. सरकारी कागदात ती दुर्घटना आहे. आमच्याकडं ते दोन्ही काठांचं सुतक होतं.

४.

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडून काटेवाडीला येते तेव्हा परीट समाजाची माणसं रस्त्यावर धोतरं अंथरतात आणि त्या पायघड्यांवरून पालखी पुढं जाते. मग मेंढ्यांचं रिंगण होतं. धनगर आपली मेंढरं पालखीभोवती पळवतात, धुळीत रथ दिसेनासा होतो, नुसत्या घंटा ऐकू येतात. पुढं सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. सराटीनंतर नीरेत पादुकांना स्नान घालतात आणि सोहळा पुणे जिल्ह्याच्या बाहेर पडतो.

एका वर्षी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात परभणीकडची एक म्हातारी उतरली होती. पाय सुजलेले. पोरींनी गरम पाण्यात मीठ टाकून तिचे पाय शेकले. तिनं सांगितलं, "आमचा सासरा निजामाच्या राज्यातनं यायचा वारीला." मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पैठणची नाथांची पालखी एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यातल्या पंढरपूरला पोचायची. वरचं सरकार वेगळं, नाणं वेगळं, पण वाट तीच आणि अभंग तेच. म्हणजे देश दोन होते तेव्हाही काहीतरी एक होतं. इरावती कर्वे ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. ज्या मुलखातली माणसं पंढरीला येतात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची ओळख त्यांना त्या वाटेवर सापडली. मी ती पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो, कारण तिच्यात हद्दीचा दगड कुठंच नाही.

पण त्याच लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे आणि तिचा उल्लेख आम्ही मास्तर मंडळी टाळतो. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वारकरी भजनात एक असत, जेवताना मात्र वेगळे बसत. याची त्यांना रोज खंत वाटे. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे हे प्रत्येक वारकऱ्याला माहीत असतं. त्या दारातून अस्पृश्य मानलेल्या माणसांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजी महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरले, आणि १९४७च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं. मंदिर खुलं झालं. पुढं तीन महिन्यांनी १५ ऑगस्ट आला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. देश मिळायचा होता त्याच वर्षी एक म्हातारी होत चाललेली चूक दुरुस्त करायला एक माणूस अन्न सोडून बसला होता, कारण नुसता देश मिळून भागणार नाही हे त्याला कळत होतं.

५.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तिच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. मी ते प्रार्थनेनंतर पोरांकडून रोज म्हणवून घेत होतो. संविधानाच्या उद्देशिकेत 'राष्ट्र' हा शब्द येतो तो बंधुतेच्या ओळीत. न्याय, स्वातंत्र्य आणि समानता यांची हमी राज्यकर्त्यांकडून मागता येते, कोर्टात जाऊन मिळवता येते. बंधुता कोर्टातून मिळत नाही. आणि राष्ट्राची एकता तिच्यावर टेकवलेली आहे.

डॉ. आंबेडकर २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत शेवटचं मोठं भाषण करताना नेमकं यावरच बोलले होते. हजारो जातींत वाटलेले लोक राष्ट्र कसे असतील, असा त्यांचा प्रश्न होता. आपण राष्ट्र आहोतच असं मानणं हा मोठा भ्रम आहे. सामाजिक आणि मानसिक अर्थानं आपण अजून राष्ट्र झालेलो नाही हे जितक्या लवकर उमजेल तितकं बरं, कारण मग तरी आपण राष्ट्र होण्याच्या मार्गाला लागू, असं त्यांनी सांगितलं. हे मी नोकरीच्या विसाव्या वर्षी वाचलं. त्या रात्री मला माझ्या रजिस्टरचं पान आठवलं. जातीच्या रकान्यात प्रत्येक ओळीला वेगळं अक्षर, आणि शेजारी राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच खूण. दोन्ही रकाने मीच भरले होते, एकाच शाईनं.

६.

शब्दांची सरमिसळ सरकारदरबारीही आहे. 'संयुक्त राष्ट्रां'चे सभासद खरं म्हणजे देश आहेत, १९३. इंग्रजीत 'वन नेशन, वन रेशन कार्ड' म्हणतात, तेच मराठीत 'एक देश, एक रेशनकार्ड' होतं. जगात मात्र हे दोन शब्द जागोजाग वेगळे पडलेले दिसतात. कुर्द लोक तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत वाटले गेलेत. राष्ट्र आहे, देश नाही. जर्मनांचे १९४९पासून १९९०पर्यंत दोन देश होते. १९४७चा पाकिस्तान हा देश एक होता, पण पूर्वेच्या बंगाली माणसाची भाषा आणि त्याचं मत पश्चिमेनं हिशेबात धरलं नाही, आणि १९७१मध्ये त्या देशाचे दोन तुकडे झाले. देश एका रात्रीत जाहीर करता येतो. एवढं पोरांना कळलं तरी पुरे.

७.

वालचंदनगर आमच्या तालुक्यात आहे याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना काढून हे गाव वसवलं. त्याआधी, ५ एप्रिल १९१९ला, त्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं होतं. त्या तारखेला आजही राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. तेव्हा देश इंग्रजांच्या ताब्यात होता, बंदरं त्यांची, कायदे त्यांचे. तरी एका सोलापूरच्या व्यापाऱ्याला वाटलं की आपल्या माणसांचं जहाज समुद्रात असलं पाहिजे.

पुढं वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांचे भाग बनू लागले. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी चांद्रयान उतरलं तेव्हा मी तिथल्या चौकात एका टपरीवर होतो. पन्नास-साठ माणसं एका टी.व्ही.पुढं श्वास धरून उभी होती. यान टेकल्यावर एका फिटरनं, कोण कुठला मला माहीत नाही, मला मिठी मारली. त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास होता. त्या मिठीत काहीही खोटं नव्हतं.

तरी मला असं वाटतं की अभिमान हा राष्ट्राचा सोपा भाग आहे. फ्रेंच विचारवंत रेनान यानं १८८२मध्ये पॅरिसला 'राष्ट्र म्हणजे काय' यावर व्याख्यान दिलं. आंबेडकरांनीही त्याचा आधार घेतला आहे. त्याचं म्हणणं असं की एकत्र भोगलेलं दुःख माणसांना एकत्र मिळालेल्या आनंदापेक्षा जास्त बांधतं, कारण दुःखातून कर्तव्यं येतात. चौकातल्या त्या पन्नास माणसांना चंद्र एका क्षणात एकत्र आणू शकला. चौकापासून फार लांब न जाता ज्या गावांत पिण्याच्या पाण्याचा टँकर येत होता, ती गावं तो चौक वर्षानुवर्षं एकत्र आणू शकला नाही.

८.

कालव्यावर एक शब्द आहे, 'टेल'. नीरा डावा कालवा १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळानंतर झाला. १८८५मध्ये त्याला पाणी सुटलं. पुरंदर, बारामती असा येत तो इंदापूर तालुक्यात संपतो. मुखाजवळच्या रानाला पाणी आधी दिसतं, टेलच्या रानाला शेवटी, आणि पुष्कळदा दिसतच नाही. इंदापूरच्या टेलच्या बावीस गावांचा पाणीप्रश्न इथल्या प्रत्येक निवडणुकीत असतो.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनीयर होते तेव्हा त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली. एकाच पट्ट्यात सगळा ऊस होऊ नये, पिकं पाळीपाळीनं फिरावीत आणि पाणी जास्त गावांना पुरावं, हा तिचा हेतू. आणि पाटबंधारे खात्यात एक नियम पाटकऱ्यापासून इंजिनीयरपर्यंत सगळ्यांना पाठ असतो: आवर्तन 'टेल टू हेड' द्यायचं. पाणी आधी शेवटच्या रानाला पोचवायचं, मग एकेक दार वर वर सरकत यायचं. मुखाजवळचा शेतकरी तोवर आपल्या बांधावर बसून समोरून वाहत जाणारं पाणी बघत राहतो. त्यानं दार उघडलं तर त्याला अडवायला रात्री दोन वाजता कालव्यावर कुणी नसतं.

माझा एक मित्र दारं धरायला जायचा. त्याचं रान वरच्या फाट्यावर होतं. एकदा तो सांगत होता, "पाणी म्होरनं जातंय, ऊस वाळतोय, आन् मी बिडी वढत बसलोय. खालच्या गावातला त्यो कोन, मी त्याला बघितलाबी न्हाई. पर त्याचं व्हईस्तोवर म्या दाराला हात लावला न्हाई." तो सातवी नापास होता. उद्देशिकेतली बंधुतेची ओळ मी वर्गात कशी समजावून सांगायची याचा विचार करत आलो होतो. त्यानं ती कालव्यावर बसून पाळली होती. सगळेच पाळत नाहीत. पाळली असती तर बावीस गावांचा प्रश्नच उरला नसता.

९.

ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर बीड, नगरकडून आमच्याकडं येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात, पहाटे गाड्या जुंपतात, आणि पाठीमागून पोरं येतात. २०११च्या जनगणनेत माझ्या वाट्याला अशा चाळीसेक कोप्या आल्या होत्या. उसाच्या पाचटाची भिंत, वर मेणकापड, आत वाकल्याशिवाय जाता येत नाही. एक बाई वाढ्याची पेंढी सोडत बसली होती. मी जन्मस्थळ विचारलं, मातृभाषा विचारली. तिनं सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "ह्यात नाव लिवलं म्हंजी रेशन हितं मिळंल का?" तिचं रेशनकार्ड गावाकडं होतं आणि ती वर्षातले सहा महिने इकडं. मी म्हटलं, "नाही. ही फक्त मोजणी आहे." ती म्हणाली, "मोजा."

त्यांची पोरं आमच्या शाळेत चार-पाच महिने बसत. शिक्षण हमी कार्ड घेऊन येत, मार्चअखेरीला टोळीबरोबर जात. काही मुलं मात्र मी रजिस्टरात घेतली. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात वरीलप्रमाणे. मला वाटे, मी माझ्याकडून केलं.

१०.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. एप्रिलमध्ये आमच्या गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता अडवला. सगळ्याच गावांनी अडवला होता. जिल्ह्यांच्या हद्दींवर नाके बसले. एका आठवड्यात पुणे जिल्हा हा एक देश झाला, सोलापूर दुसरा, आणि प्रत्येक गाव स्वतंत्र. भीती खरी होती. वेशीवर पहारा करणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. पाळीनं मीही तिथं खुर्ची टाकून बसायचो. मे महिन्यात मी निवृत्त होणार होतो आणि शाळेची किल्ली अजून माझ्याकडंच होती.

दुपारी तीनच्या सुमारास रस्त्यानं एक टोळी आली. बारा-पंधरा माणसं, दोन गाड्या, उरलेले पायी. कारखाना बंद झाल्यावर त्यांची परत जायची सोय लागली नव्हती; शेवटी आपल्या आपण निघाले होते. फांद्यांपाशी थांबले. एका बाईनं रिकामा डबा वर करून दाखवला. पहाऱ्यावरची पोरं ओरडली, "लांब ऱ्हावा, लांब." ती दोन पावलं मागं सरली आणि तिथंच डबा धरून उभी राहिली. माझ्यामागं शाळा होती. तिला चार खोल्या, व्हरांडा, हातपंप. शाळा उघडू नका असा आदेश होता, आणि कुणी उघडली असती तर गावात काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. मी खिशात हात घातला, किल्ली हाताला लागली, आणि मी हात तसाच ठेवला.

मग मी शेजारच्या गोठ्यातला पाइप ओढत आणला आणि फांद्यांवरून पलीकडं टाकला. पाणी सुरू झालं. एकेकानं तोंडं धुतली, डबे भरले. बैलांना बादलीनं पाजलं. सगळ्यांत शेवटी एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा पुढं आला. पाइप धरायच्या आधी त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. माझ्या तोंडाला उपरणं बांधलेलं होतं. तरी त्यानं ओळखलं, मागं वळून आईला म्हणाला, "आये, हे आमचे गुर्जी हायेत." आणि काट्यांच्या पलीकडून त्यानं हात जोडले.